सुभानराव चोपदारांच्या बोटाचं खोगीर

संपादकमहाशयांचं पत्र आलं, की दिवाळीच्या अंकासाठी पागेतल्या आठवणी लिहून पाठवा. कोणता घोडा कसा होता, कोणत्या स्वारीत कोण पडलं, वगैरे. अहो, घोड्यांबद्दल सांगणारे आमच्या धार गावात ढीगभर आहेत. पागेत एकदा चंदी टाकून आलेला माणूससुद्धा दोन तास थांबत नाही. मी जातीचा जीनगर. उभा जन्म सरकारी पागेत खोगिरं आणि जिनं शिवली. पण ज्या एका कामासाठी मी आजही मिशीवरून हात फिरवतो, ते घोड्याचं नव्हे, माणसाच्या पायाच्या बोटाचं आहे. छापायचं तर हेच छापा, नाही तर कागद परत पाठवून द्या.

आधी आमचा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बाहेरच्या माणसाला वाटतं, खोगीर म्हणजे गादी. जितकी जाड तितकी घोड्याला सुखाची. साफ खोटं! घोड्याच्या कण्यावर कधी भार द्यायचा नसतो. खोगीर कण्याच्या दोन्ही अंगांना बसलं पाहिजे आणि मधून वारा गेला पाहिजे. पाठ लागली, म्हणजे घासून जखम झाली, की अडाणी माणूस त्या जखमेवर आणखी एक मऊ घडी ठेवतो आणि घोडा हातचा घालवतो. आम्ही काय करतो, जखमेच्या वरचा नमदा कोरून काढतो. नमदा म्हणजे लोकर कुटून केलेलं जाड कापड. दुखऱ्या जागेला अजिबात हात लावायचा नाही, तिच्या शेजाऱ्यांना कामाला लावायचं. एवढीच सगळी विद्या. ती अंगात मुरायला मात्र मला दहा वर्षं लागली.

ही विद्या माणसाच्या पायाला लावली ती पागनीससाहेबांमुळे. पागनीस म्हणजे पागेचे मुख्य. त्यांच्या उजव्या पायाचं अंगठ्याजवळचं बोट मधल्या पेरात वर उचललं गेलं होतं. शेंडा खाली रुतायचा, पेर वर जोड्याला घासायचं, आणि घासून घासून त्यावर हे एवढं कुरूप झालेलं. एके दिवशी रिकिबीत पाय घालताना कळवळले आणि माझ्यावरच ओरडले, "धोंडीराम, घोड्याच्या पाठीचं तुला सगळं कळतं, आणि धन्याचा पाय दिसत नाही होय रे?" मी म्हटलं, दाखवा. पाहिलं तर दुखणं तेच. पाठ लागली होती, इतकंच, की पाठ बोटाएवढी होती. मी नमद्याची एक वळी केली आणि बोटांच्या खाली, शेंड्याच्या मागे जी खोबण असते तिथे बसवली. वळीवर बोट टेकलं की शेंडा रुतत नाही, आणि शेंडा सुटला की पेर आपोआप खाली येतं. वरच्या बाजूला जोडा सैल करून घेतला. पंधरा दिवसांत पागनीससाहेब रिकिबीत पाय घालताना शीळ घालू लागले.

मग काय विचारता! मामलेदार आले, वकील आले, तिरल्याचे दोन पाटील आले. दवाखान्यातले डाक्तर या दुखण्याला इंग्रजीत हातोडीचं बोट म्हणतात असं कळलं. मी त्याला वाकडं बोट म्हणतो.

सगळी बोटं सरळ होत नाहीत हेही सांगून टाकतो, नाही तर उद्या दारात रांग लागायची. पाय मांडीवर घ्यायचा, तळव्याच्या पुढच्या गादीवर खालून हाताचा अंगठा दाबायचा. दाबल्यावर बोट सुटून लांब झालं, तर ते अजून मऊ आहे, वळणावर येईल. नाही झालं, तर ते ताठलं. त्याला फक्त घासण्यापासून वाचवायचं, वळवायला जायचं नाही. हे मला कुक्षीच्या एका हेडमास्तरांच्या बोटाने शिकवलं. त्यांचं बोट ताठलेलं होतं आणि मी तरुण होतो. म्हटलं, बघतो कसं सरळ होत नाही ते! पट्टीने आवळून बांधलं. आठवड्यात कातडं फुटलं. बिचारे मास्तर दोन महिने खुर्चीवर पाय ठेवून शाळा चालवत होते. माझ्यावर रागावलेसुद्धा नाहीत, त्याचंच मला अजून वाईट वाटतं.

आता एक गोष्ट मान खाली घालून सांगायची आहे. मी पाय हातात घेत असे, पण जोडा घेत नसे. आमच्या जातीत त्याबद्दल मोठा कटाक्ष. जीनगराने घोड्याचं चामडं शिवावं, माणसाच्या पायातल्या जोड्याला शिवू नये. चामडं तेच, आरी तीच, दोराही तोच; पण तोरा बघा केवढा! म्हणून मी नमद्याची वळी करायची आणि ती जोड्यात बसवायला मोच्यांच्या गल्लीत नाथूकडे पाठवायची. नाथू मोची माझ्याच वयाचा, माळव्यातला, हाताचा इतका साफ की त्याचा टाका शोधायला डोळे ताणावे लागत. तो मला मानाने दाजी म्हणायचा. मी त्याला नाथू म्हणायचो, आणि तो कामाला आला की पागेच्या उंबऱ्याबाहेर बसायचा.

आणि एका श्रावणात देवासहून सुभानराव चोपदार आले.

देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजवाडे, दोन दरबार, दसऱ्याच्या दोन स्वाऱ्या. सुभानराव कोणत्या पातीचे ते मी सांगणार नाही. दोन्हीकडे माझी माणसं आहेत आणि मला अजून देवासला जाणंयेणं ठेवायचं आहे. चोपदार म्हणजे चांदीची काठी घेऊन स्वारीच्या पुढे चालणारा आणि दरबारात येणाऱ्याजाणाऱ्याची नावं पुकारणारा माणूस. त्यांच्या घराण्यात ती काठी चौथ्या पिढीला होती. मूळचे आमच्यासारखेच दक्षिणी, फौजेबरोबर इकडे आलेले. पन्नाशीला टेकलेला, दारात मावणार नाही असा गृहस्थ, आणि आवाज असा की "धोंडीराम जीनगर इथेच का?" म्हणाले तर पागेतल्या झाडून सगळ्या घोड्यांनी कान टवकारले.

"इथेच. हळू बोला, घोडे बिथरतील."

"हळू बोलायची सवयच नाही हो," ते म्हणाले, आणि खाली बसून त्यांनी डावा पाय पुढे केला.

बोट काय होतं! पेर वर, त्यावर कुरूप, कुरुपाला भेग, भेगेतून रक्त. सोळाव्या वर्षापासून पायात दरबारी लाल जोडा, पुढे चोच काढलेला. त्या चोचीत पाची बोटं कशी मावतील याचा विचार तो जोडा ठरवणाऱ्याने केलेला नव्हता.

"डाक्तर म्हणतात, बोट काढून टाकू. आठ दिवसांत चालायला लागाल," सुभानराव म्हणाले. "त्यांचं चूक नाही. त्यांना बोट दिसतं, मला काठी दिसते. अंगाला खोट आलेला माणूस देवीच्या पालखीपुढे चालत नाही, असा आमचा शिरस्ता आहे. बोट कापलं की काठी गेली. आणि नाही कापलं तर लंगडतो. लंगडणारा चोपदार कुणी बघितलाय का? माझा चुलतभाऊ हैबती, त्याने कारभाऱ्यांकडे अर्जसुद्धा देऊन ठेवलाय. कारभारी म्हणाले, दसऱ्याला बघू. सुभानराव टेकडीवरच्या देवीपर्यंत नीट चालले तर काठी त्यांची, नाही तर हैबतीची."

"मुलगा आहे?"

"बारा वर्षांचा. आत्तापासून अंगणात पुकारा करतो. गल्लीतली कुत्री पळतात." हसले, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. "त्याच्या हातात काय देऊ मी, सांगा."

मी पाय मांडीवर घेतला, गादीवर अंगठा दाबला. आणि ते बोट, काय सांगू, हळूच सुटून लांब झालं. पन्नाशीचं बोट आणि अजून मऊ! मी जागेवरून ओरडलोच, "नाही कापायचं! अजिबात नाही कापायचं!"

चाळलेल्या ओल्या मातीत पायाचा ठसा घेतला, त्यात मेण ओतून पायाची आकृती काढली आणि नाथूकडे पाठवली. दरबारी जोडा लालच हवा, चोचही हवी आणि दोन्ही जोडे सारखेच दिसायला हवेत, ही देवासची अट. नाथूने चोच राखून आत जागा केली, डाव्या जोड्यात पेरापुरती खोलगट पोकळी काढली, आणि माझी वळी त्यात अशी शिवली की बोट फिरवूनही जोड कळू नये. सुभानराव घालून पागेच्या चौकात तीन फेऱ्या चालले. लंगडणं जवळजवळ थांबलं. निघताना त्यांनी मला मिठी मारली तेव्हा माझ्या बरगड्या वाजल्या.

मी गावभर सांगत सुटलो. हे माझं नेहमीचं.

पितृपंधरवड्यात दारात टांगा थांबला. सुभानराव उतरले ते बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. कुरूप पुन्हा फुटलेलं, आणि भरीस भर म्हणजे आता उजवा पायही दुखावला होता, ज्या पायाला काही झालेलंच नव्हतं! "पहिला दिवस स्वर्ग," सुभानराव म्हणाले, "दुसऱ्या दिवशी नरक. मग पुन्हा बरं, पुन्हा वाईट. हे काय दुखणं आहे हो, दिवस मोजून येणारं?" वहिनींनी त्यांना ओट्यावर बसवलं. मग माझ्याकडे नुसतं पाहिलं. दसऱ्याला तीन आठवडे राहिले होते.

माझ्या स्वभावाला औषध नाही. मी तडक मोच्यांच्या गल्लीत गेलो आणि चार लोकांत नाथूला वाटेल तसं बोललो. वळी सरकली असेल, पोकळी चुकली असेल, हात थरथरायला लागला असेल तर धंदा सोड, एका भल्या माणसाच्या घराण्याचं वाटोळं केलंस. नाथूने आरी खाली ठेवली.

"दाजी, म्हारी सिलई खोटी नी हे."

"मग काय माझी वळी खोटी?"

"जोडो हाथ में लई ने तो देखो," तो म्हणाला. "देख्या बिना गाली दई रिया हो."

जोडा हातात घे म्हणतो मला! मी पाय आपटत परत आलो. रात्रभर त्याचे शब्द कानात राहिले, तरी जोडा मी उचलला नाही. इतका शहाणा होतो मी.

पाव्हणे माझ्याकडेच उतरले होते. सकाळी मी ओट्यावर दात घासत बसलो होतो. सुभानरावांना चौकात जायचं होतं, म्हणून वहिनींनी जोडे पुसले आणि त्यांच्यापुढे मांडले. पुसताना डावा जोडा डाव्या हाताला होता. मांडला तेव्हा तो उजवीकडे गेला.

"वहिनी," मी म्हटलं, "तो जोडा तुम्ही फिरवलात."

"हो. रोज फिरवते. काल डाव्यात होता तो आज उजव्यात. सासूबाईंनी शिकवलंय, रोज फिरवला नाही तर जोडा एका अंगाला कलतो." आणि मग जरा घाबरून, "का? काही चुकलं का माझं?"

काही चुकलं नव्हतं त्या बाईचं! इंग्रजी बुटासारखा डावा-उजवा आमच्या देशी जोड्यात नसतोच. दोन्ही सरळ, दोन्ही सारखे. सगळा मुलूख रोज जोडे फिरवूनच घालतो. नाथूही घालतो, पागनीसही घरी घालतात, मी स्वतः त्या दिवशी फिरवूनच घातले होते. श्वास घेतो तसं हे चालतं, कुणाला आठवतही नाही. पागनीससाहेब चाकरीवर चढाव, म्हणजे स्वारीचे बूट घालायचे, त्यांना डावा-उजवा होता. पाटील-वकिलांना मी घरात बसवून बरं केलं होतं, जोडा त्यांच्या पायात घटकाभरच असे. सगळ्यांतून सुटलेल्या गोष्टीने नेमकं इथे गाठलं.

मी उठलो आणि तो जोडा उचलला. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या पायातला जोडा हातात घेतला आणि आत पाहिलं. खोगिराच्या नमद्यावर घामाचे डाग वाचून घोडा कुठे दुखतोय ते मी सांगतो. इथे तर गिरवून ठेवल्यासारखं होतं. एका जोड्यात अंगठ्याचे दोन ठसे, एक या अंगाला, एक त्या अंगाला. एक दिवस वळी डाव्या बोटाला तारत होती आणि दुसऱ्या दिवशी उजव्या पायाला भलत्याच जागी टोचत होती. पहिल्याच दिवशी जोडा हातात घेतला असता तर एका पळात कळलं असतं.

तसाच जोडा हातात धरून मी भर सकाळी गावातून निघालो. आमच्या आळीतून गेलो, जातीच्या पंचांच्या दारावरून गेलो. एकाने "धोंडीराम, हे काय?" म्हटलं, त्याला म्हटलं, "जोडा आहे. दिसत नाही का?" नाथूच्या दुकानापाशी जाऊन उभा राहिलो.   जोडा त्याच्यापुढे धरला, आतले ठसे दाखवले. त्याने बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, आणि बाजूला सरकून स्वतःच्या फळीवर जागा केली.

"बेठो, दाजी."

बसलो. दोघंही डोकं चालवू लागलो. वहिनींना सांगता येईल, फिरवू नका. पण राजवाड्याच्या दारात जोडे सांभाळणारा असतो, तोही फिरवूनच मांडणार. खूण करावी तर दरबारी जोडा, त्यावर खूण चालायची नाही. तेवढ्यात नाथू म्हणाला, "ओर टेकडी पे? वां तो जोडो उतारेगा. फेर कंई?"

खरंच की! टेकडीच्या पायथ्याशी सगळे जोडे निघतात. वर देवीपर्यंत अनवाणी चढायचं. म्हणजे वळी जिथे हवी तिथेच नसणार.

"दाजी," नाथू म्हणाला, "तम खोगीर घोड़ा पे बांदो के थान पे?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. खोगीर घोड्यावर बांधायचं की त्याच्या ठाणावर? तीस वर्षं जिनं शिवणाऱ्याला हे मोच्याने विचारावं! वळी जोड्यात कशाला? वळी बोटालाच बांधायची! मी फळीवरून असा उठलो की फळी उलटली आणि त्याच्या खिळ्यांची रस्त्यावर रांगोळी झाली.

तिसऱ्या दिवशी खोगीर तयार झालं; जोड्यातली वळी नाथूने उसवून दोन्ही जोडे आतून सारखे केले. बोटांच्या खोबणीत बसणारी नमद्याची वळी, सुभानरावांच्या मेणाच्या पायावर घासून घासून बसवलेली. तिला वर एक तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळतात तसला पट्टा. पण हा करंगळीएवढा, वाकड्या बोटाभोवती फिरून पेर हलकेच खाली धरणारा. कुरुपाच्या जागी पट्ट्याला भोक, म्हणजे दुखऱ्या जागेला हात नाही. चामड्याचा एक दोरासुद्धा आम्ही त्यात येऊ दिला नाही, कारण ते देवीपुढे जायचं होतं. तंगासाठी वहिनींनी सोवळ्याच्या जुन्या मुकट्याचा रेशमी तुकडा फाडून दिला. पागेतली माणसं हसून लोटपोट झाली. "धोंडीदाजी, लगाम पण करा! नाल ठोका!" हसा म्हटलं, हसा.

सुभानराव धारेतच राहिले. रोज खोगीर चढवायचं, रोज कुरूप कोमट पाण्यात भिजवून खरखरीत दगडाने हलकेच घासायचं, आणि सकाळ-संध्याकाळ जमिनीवर पंचा पसरून तो पायाच्या बोटांनी गोळा करायचा. एवढा मोठा चोपदार बोटांनी पंचा ओढतोय आणि ओढता ओढता स्वतःच्याच नावाचा पुकारा करतोय, हे बघायला आळीतल्या बायका जमायच्या. नवव्या दिवशी भेग मिटली. पंधराव्या दिवशी त्यांनी पागेच्या चौकात जोडे फिरवून घातले, मुद्दाम, आणि फेऱ्या मारल्या. काही फरक पडला नाही.

दसऱ्याला मी देवासला गेलो आणि नाथूलाही घेऊन गेलो. महूपर्यंत टांगा, पुढे इंदूरपर्यंत आगगाडी, पुन्हा टांगा. वाटेत आम्ही एका शिदोरीतून जेवलो. ते पंचांना कळलंच, आणि त्याचं पुढे जे व्हायचं ते झालं. मला पर्वा नव्हती.

स्वारी निघाली. हत्ती, घोडे, निशाण, पालखी, आणि सगळ्यांच्या पुढे सुभानराव, हातात चांदीची काठी. मी रस्त्याच्या कडेने गर्दीतून ढकलाढकली करत त्यांच्या पायाकडे डोळे लावून चाललो होतो. हैबतीही चालत होता, पलीकडच्या कडेने, त्याचेही डोळे तिथेच. टेकडीच्या पायथ्याशी जोडे निघाले आणि बोटाचं खोगीर उघड्यावर आलं.

"थांबा!" हैबती ओरडला. "पायाला चामडं बांधून देवीकडे निघालाय हा!"

अख्खी स्वारी थांबली. वाजंत्री बंद पडली. कारभारी पुढे आले, त्यांच्या कपाळावर आठी. सुभानराव जागच्या जागी उभे, काठीवरची मूठ तेवढी घट्ट. मी गर्दीतून आत घुसलो. "चामडं असेल तर माझे हात तोडा!" म्हटलं, आणि खाली बसून तंग सोडला. उपाध्यायांनी ते आधी पानावर ठेवायला लावलं. मग वाकून पाहिलं, हुंगलं, आणि शेवटी न राहवून दोन बोटांत धरून चोळलं.

"लोकर आहे," ते म्हणाले. "आणि हे रेशीम. दोन्ही सोवळ्यात चालतात. पण आहे काय हे?"

"खोगीर आहे, महाराज. बोटाचं."

कुणीतरी फिसकन हसलं. उपाध्याय हसले नाहीत. त्यांनी सुभानरावांच्या बोटाकडे पाहिलं, मग हैबतीकडे, मग मला म्हणाले, "बांधा परत. मुहूर्त टळतोय."

घाईत तंग दोनदा सुटला. तिसऱ्यांदा बसला. सुभानरावांनी काठी उचलली, छाती भरून घेतली आणि असा पुकारा केला की हत्तीने सोंड वर केली. आणि ते चढले. उन्हाने तापलेल्या दगडांवरून, अनवाणी, एकही पाऊल न चुकवता, एकदाही न थांबता, वरपर्यंत! मी खाली उभा राहून वेड्यासारखा रडत होतो. हैबती कधी निघून गेला ते कुणी पाहिलंच नाही.

संध्याकाळी दरबार भरला. सोनं द्यायला एकेकजण पुढे जाई आणि सुभानराव त्याचं नाव पुकारत. माझं नाव पुकारलं, मी मुजरा केला. कारभाऱ्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं की काठी सुभानरावांकडेच आहे आणि पुढे त्यांच्या मुलाकडे जाईल. मला शेला मिळाला. खांद्यावर शेला पडला तेव्हा मला काय आठवावं? फळीवरून सरकून केलेली जागा. तोंड उघडून सांगायला हवं होतं, की खोगीर घोड्यावर बांधायचं हे मला सुचलं नव्हतं. पण भर दरबारात मी नुसता आणखी एक मुजरा केला. मागे सरलो तेवढ्यात सुभानरावांशी नजरानजर झाली. त्यांना सगळं ठाऊक होतं. पंधरा दिवस माझ्या घरात मी दुसरं बोलत काय होतो?

सुभानराव आपल्या जागेवरून हलले. चोपदार दरबार चालू असताना जागा सोडत नाही, पण ते निघाले. बैठकीच्या मधून, दाराबाहेर, चौदा पायऱ्या उतरून, चौकात, जिथे जोड्यांच्या रांगा होत्या आणि जिथे नाथूला उभं राहू दिलं होतं, तिथवर. मीही मागोमाग धावलो. त्याच्यापुढे उभं राहून त्यांनी काठी दगडावर आपटली आणि सरदारांची नावं पुकारतात त्याच चालीवर, वर गादीपर्यंत ऐकू जाईल असा, पुकारा केला: "धारचे कारागीर नाथूजी मुजरा करतात, मेहेरबान! निगाह रखो!"

 नाथूने आधी मागे वळून पाहिलं, हे नाथूजी कोण आलेत म्हणून. मग कळल्यावर त्याने घाईघाईने कमरेत वाकून मुजरा केला. वर बैठकीतून निरोप्या धावत आला, की मुजरा पोचला.

सुभानराव वळले आणि पायऱ्या चढू लागले. चौकातला प्रत्येक माणूस नाथूकडे बघत होता. मी त्याचा दंड धरला, माझा शेला काढून त्याच्या खांद्यावर टाकला आणि रडत रडत म्हटलं, "नाथूजी, ऐकलंत का? तुमचं नाव घेतलं दरबारात!"

त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो पायऱ्यांकडे बघत होता.

"चुप रो, दाजी," तो म्हणाला. "पाय देखो. कसो सीदो पड़ी रियो हे!"